जुन्या डेस्कटॉप कॅबिनेटमध्ये एक्स्पान्शन कार्डं बसवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९८० आणि १९९० च्या दशकांतली आडवी डेस्कटॉप कॅबिनेटं आजही अनेकांनी जपून ठेवली आहेत. कुणाला मूळ बोर्ड (मदरबोर्ड) तसाच ठेवून एखादं जास्तीचं साउंड कार्ड किंवा नेटवर्क कार्ड बसवायचं असतं, कुणाला आतला बोर्डच बदलायचा असतो. दोन्ही वेळा पत्र्याला हात लावावा लागू शकतो, आणि कापलेला पत्रा पूर्ववत होत नाही. म्हणून इथे कापण्याइतकंच मोजण्याबद्दलही लिहिलं आहे.

कार्ड स्लॉटमध्ये नीट बसतंय. मग कॅबिनेटला हात का लावायचा?

कारण नुसत्या स्लॉटवर कार्ड टिकत नाही. त्याला तीन आधार असतात. खाली स्लॉट, म्हणजे बोर्डवरची कार्डाची खाच, मागे ब्रॅकेटचा (कार्डाच्या मागच्या टोकाला असलेल्या धातूच्या पट्टीचा) वरचा वळवलेला कान, जो स्क्रूने आवळला जातो, आणि ब्रॅकेटच्या तळाची निमुळती जीभ, जी बोर्डची कड आणि मागचा पत्रा यांच्यामधल्या फटीत उतरते. यातला एक आधार नसला तरी केबल ओढताच कार्ड तिरपं होतं आणि सगळा जोर स्लॉटमधल्या संपर्कांवर येतो. पूर्ण उंचीचं ब्रॅकेट १२० मिमी उंच आणि १८.४ मिमी रुंद असलं तरी त्याची जाडी एक मिलिमीटरपेक्षा कमी असते. पाठीशी पत्रा नसेल तर ते सहज वाकतं.

जुन्या कॅबिनेटमध्ये अडचण येते ती ठरावीक ठिकाणीच. मागच्या पत्र्यात खिडक्या, म्हणजे ब्रॅकेट बसतात ती उभी लांबट भोकं, कमी असतात, किंवा असतात पण वेगळ्या अंतरावर. ड्राइव्हचा पिंजरा कार्डाच्या वाटेत येतो. झाकण कार्डाला टेकतं. किंवा आतला बोर्ड वेगळ्या पद्धतीचा असतो. तुमची अडचण यातली नेमकी कोणती, हे आधी ठरवा. पुष्कळदा पत्रा कापावाच लागत नाही.

न कापता काय काय करून बघता येईल?

बरंच काही. लांब कार्डाऐवजी तेच काम करणारं आखूड कार्ड बहुतेक वेळा मिळतं. ड्राइव्हचा पिंजरा आड येत असेल तर तो स्क्रूवर आहे की रिव्हेटवर ते बघा. स्क्रूवर असेल तर काढून ठेवा आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी कॉम्पॅक्टफ्लॅशसारखं छोटं साधन लावा. एखादी खिडकी नुसत्या सिरियल किंवा पॅरलल पोर्टच्या पट्टीने अडलेली असेल तर ते पोर्ट मागच्या दुसऱ्या मोकळ्या भोकात हलवता येतं. पुष्कळ कॅबिनेटांत त्यासाठी डी-आकाराची भोकं कारखान्यातूनच पाडलेली असतात, त्यांच्यावरचं झाकण तेवढं काढायचं.

आयबीएमने स्वतः निवडलेली वाटही लक्षात घेण्यासारखी आहे. स्लॉट कमी पडणाऱ्यांसाठी त्यांनी १९८३ मध्ये ५१६१ नावाची वेगळी पेटी विकायला काढली. तिच्यात आठ स्लॉट आणि स्वतःचा पॉवर सप्लाय होता; संगणकात एक कार्ड, पेटीत दुसरं आणि मध्ये जाड केबल. ती पेटी आज सहज मिळत नाही. पण जास्तीची कार्डं बाहेर वेगळ्या पेटीत ठेवायची ही कल्पना आयएसए बससाठी (जुनी पीसी कार्डं जिच्यावर चालतात ती जोडणी) आजही वापरता येते, आणि दुर्मिळ मशिनच्या बाबतीत मी तरी तीच आधी तपासेन.

कोणतं कॅबिनेट कापू नये?

मूळ बोर्ड, मूळ पॉवर सप्लाय आणि मूळ झाकण यांसह पूर्ण असलेलं पहिल्या पिढीचं कुठलंही मशीन: आयबीएम ५१५० (पीसी), ५१६० (एक्सटी), ५१७० (एटी), ॲपल टू, सुरुवातीची टँडी १०००. बाहेरून गंजलेलं असलं तरी कापू नका. गंज काढता येतो, पण नसलेला पत्रा परत आणता येत नाही.

नाव नसलेली क्लोन (आयबीएमची नक्कल केलेली) कॅबिनेटं, आतून रिकामी झालेली, आधीच कुणीतरी भोकं पाडलेली, झाकण हरवलेली, ही कामाला योग्य. तुमच्याकडचं कॅबिनेट कुठल्या गटात मोडतं हे कळत नसेल तर हत्यार खाली ठेवा आणि आधी मागच्या मॉडेल पट्टीवरून त्याची ओळख पटवा. ही पट्टी कापण्याच्या रेषेत येत असेल तर ती रेषाच बदला.

दोन स्लॉटमधलं अंतर सगळीकडे सारखंच असतं का?

जवळजवळ सगळीकडे, पण अपवाद महत्त्वाचा आहे. ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम ५१५० मध्ये पाच स्लॉट होते आणि दोन स्लॉटमधलं अंतर एक इंच, म्हणजे २५.४ मिमी होतं. मार्च १९८३ च्या एक्सटीने त्याच रुंदीत आठ स्लॉट बसवले, त्यासाठी अंतर ०.८ इंच, म्हणजे २०.३२ मिमी केलं. पुढे बोर्डची मापं (एटी, एटीएक्स) आणि कार्डांच्या जोडण्या (पीसीआय, पीसीआय एक्सप्रेस) असं सगळं बदलत गेलं, पण २०.३२ मिमी कायम राहिले.

याचा अर्थ असा, की एक्सटीनंतरच्या कॅबिनेटच्या मागच्या खिडक्या तत्त्वतः आजच्या कार्डांनाही जुळतात. ५१५० च्या खिडक्या मात्र एकच खिडकी जुळवली तर पुढची पाच मिलिमीटरने चुकते, त्यापुढची दहाने. ५१५० च्या नकली कॅबिनेटांतही काही जणांनी पाच खिडक्यांचं मूळ अंतर ठेवलं होतं, म्हणून खिडक्या मोजून थांबू नका, अंतरही मोजा. पहिल्या आणि शेवटच्या खिडकीच्या मध्यरेषांमधलं अंतर घ्या आणि खिडक्यांच्या संख्येतून एक वजा करून त्याने भागा. एकाच जोडीवरून मोजलं तर अर्ध्या मिलिमीटरची चूक लक्षातही येत नाही.

आयएसए आणि पीसीआय कार्डं एकाच खिडकीत येऊ शकतात, पण त्यांचे घटक एकमेकांच्या उलट बाजूंना असतात. दोन जातींचे स्लॉट शेजारी असलेल्या बोर्डवर मधली एक खिडकी सामायिक असते. तिथे एका वेळी एकच कार्ड बसतं. खिडक्या मोजताना हे धरा, नाहीतर एक जास्तीची खिडकी उगाच कापली जाईल.

कार्डासाठी आत किती उंची आणि लांबी लागते?

उंचीवरून पहिला गोंधळ १९८४ च्या एटीपासून सुरू झाला. पीसी आणि एक्सटीची कार्डं साधारण ४.२ इंच, म्हणजे १०७ मिमी उंच असायची. एटीची काही कार्डं ४.८ इंच, म्हणजे १२२ मिमी. एटीचं कॅबिनेटच जास्त उंच होतं, त्यामुळे तिथे प्रश्न नव्हता. एटीचं असं उंच कार्ड साडेपाच इंच उंचीच्या एक्सटी कॅबिनेटमध्ये घातलं की झाकण बंद होत नाही. यावर पत्रा कापणं हा उपाय नाही, त्याच कामाचं कमी उंचीचं कार्ड शोधणं हाच आहे.

पीसीआय कार्ड १०६.७ मिमी उंच असतं. बोर्ड ज्या तळपत्र्यावर बसतो तिथपासून झाकणाच्या आतल्या बाजूपर्यंत १२५ मिमी मोकळे असतील तर पूर्ण उंचीचं कार्ड उभं बसतं. नव्या ग्राफिक्स कार्डांत मात्र फसगत होते: कार्ड ब्रॅकेटच्या वर येतं आणि त्याहून वर वीजपुरवठ्याच्या केबलचं वळण असतं. त्या वळणाला आणखी तीन-चार सेंटीमीटर लागतात.

लांबीचं म्हणाल तर पूर्ण लांबीचं आयएसए कार्ड सव्वातेरा इंचांच्या आसपास, पूर्ण लांबीचं पीसीआय कार्ड ३१२ मिमी. लांब कार्डाचं पुढचं टोक धरायला जुन्या कॅबिनेटमध्ये समोर प्लास्टिकचे खाचदार आधार असतात. ते काढून फेकू नका. त्यांच्याशिवाय लांब कार्ड पुढच्या बाजूला लोंबतं आणि हलवाहलवीत स्लॉट सैल होतो.

मोजमाप नेमकं कुठून घ्यायचं?

स्लॉटपासून. कॅबिनेटच्या कडेपासून नाही. सगळ्या कामात सर्वांत जास्त बिघडतं ते इथेच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जुन्या कॅबिनेटच्या कडा काटकोनात असतीलच असं नाही. तीस-चाळीस वर्षांत जड मॉनिटर वर ठेवून तळपत्रा थोडा खचलेला असतो, मागची बाजू एक-दोन मिलिमीटर बाहेर कललेली असते. कडेपासून सुंदर आखलेली खिडकी बोर्डशी जुळत नाही ती त्यामुळेच. कार्डाला फक्त स्लॉट ठाऊक असतो, म्हणून माप स्लॉटवरूनच निघायला हवं.

पद्धत अशी. बोर्ड त्याच्या अंतिम स्टँडऑफवर (बोर्ड तळपत्र्यापासून वर उचलून धरणाऱ्या छोट्या खांबांवर) बसवा आणि सगळे स्क्रू आवळा. चालू नसलेली, वाया गेली तरी चालतील अशी दोन कार्डं घ्या, एक पहिल्या स्लॉटमध्ये आणि एक शेवटच्या स्लॉटमध्ये घाला. मागचा पत्रा अजून कापलेला नसल्यामुळे ब्रॅकेट आड येईल. या दोन कार्डांची ब्रॅकेटं काढून ठेवा. आता कार्डाची मागची कड पत्र्यावर जिथे येते तिथे आतून खूण करा. दोन्ही खुणा जोडणारी रेषा गुण्याने तपासा. मग जाड पुठ्ठ्यावर पूर्ण खिडकीपट्टीचा साचा कापा, तो मागे आतून चिकटवा, ब्रॅकेटं परत लावून कार्डं त्या पुठ्ठ्यातून बसतात का ते बघा. पुठ्ठ्याचे चार साचे वाया गेले तरी बिघडत नाही. पुठ्ठ्यात दोन्ही कार्डं सहज बसली, हलली नाहीत, आणि दोन्ही कान एका पातळीत आले, तरच पत्र्यावर आखायला घ्या.

खिडक्या नव्याने कापाव्यात की दुसऱ्या कॅबिनेटचा तुकडा बसवावा?

दुसऱ्या कॅबिनेटचा तुकडा बसवा. मला या सगळ्या विषयात एकच गोष्ट आग्रहाने सांगायची असेल तर ती हीच.

खिडकी, मधल्या दांड्या, वरची स्क्रूपट्टी (जिच्यावर ब्रॅकेटचे कान आवळले जातात ती) आणि जिभेसाठीची खालची फट या चार गोष्टी एकमेकींशी अर्ध्या मिलिमीटरच्या आत जुळाव्या लागतात. कारखान्यात त्या एकाच साच्यातून एका दाबात निघतात. हाताने सात खिडक्या कापणारा माणूस कितीही कुशल असला तरी प्रत्येक खिडकीत थोडी चूक येते आणि ती पुढे साठत जाते. याउलट भंगारात निघालेल्या एखाद्या साध्या एटीएक्स कॅबिनेटचा मागचा भाग अख्खा कापून घेतला, तर त्या चारही गोष्टी आधीच जुळलेल्या असतात. तुम्हाला जुन्या कॅबिनेटमध्ये फक्त एक मोठं चौकोनी भोक पाडायचं, आणि तो तुकडा त्याच्यामागे बसवायचा.

त्याहून चांगलं म्हणजे मागच्या भागाबरोबर बोर्डचा तळपत्राही त्याच कॅबिनेटमधून घ्यायचा. काही कॅबिनेटांत हे दोन्ही मिळून एकच बाहेर सरकणारा ट्रे असतो. असा ट्रे मिळाला तर बोर्ड, स्टँडऑफ, खिडक्या आणि पोर्टची चौकट यांचं आपसातलं नातं बदलतच नाही. सगळा ट्रे आत दोन मिलिमीटर सरकला तरी कार्डांना काही फरक पडत नाही.

तुकडा कापताना चारी बाजूंना १५ मिमी जास्तीचा पत्रा ठेवा. तो जुन्या पत्र्याच्या आतून लावायचा, म्हणजे बाहेरून फक्त स्वच्छ कडेचं भोक दिसतं. जोडायला ३.२ मिमीचे रिव्हेट पुरतात. आधी फक्त चार कोपऱ्यांत स्क्रू-नट लावून कार्डं बसवून बघा, नंतरच रिव्हेट मारा.

एकच खिडकी हवी आहे. त्यासाठीही दुसरं कॅबिनेट शोधायचं?

एका खिडकीसाठी हाताने कापणं ठीक आहे, कारण चूक साठायला जागाच नसते. फक्त स्क्रूपट्टीचा विचार करा. कार्डाचे स्क्रू ६-३२ मापाचे असतात. त्यांचे आटे इंचाला ३२, म्हणजे दोन आट्यांमध्ये जवळजवळ ०.८ मिमी. एक मिलिमीटरच्या पत्र्यात असा जेमतेम एक आटा बसतो आणि दोन-तीनदा आवळला की निघून जातो. कारखान्यात त्या भोकाचा पत्रा आत दाबून कॉलरसारखा केलेला असतो, म्हणून तिथे आटे टिकतात. घरी तसं करणं अवघड. त्याऐवजी ३ मिमी जाडीचा ॲल्युमिनियमचा एल-अँगल आतून रिव्हेट करा आणि त्यात २.७ मिमीचं भोक पाडून ६-३२ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवा. एम३ स्क्रू वापरणार असाल तर भोक २.५ मिमीचं.

कोणती हत्यारं लागतात?

व्हर्नियर, गुण्या, सेंटर पंच, ड्रिल, स्टेप ड्रिल, कटिंग व्हील लावलेलं छोटं फिरतं हत्यार, चपट्या आणि गोल कानशी, रिव्हेट गन, मास्किंग टेप. निबलर असेल तर फारच उत्तम: तो पत्रा कुरतडत जातो, ठिणग्या पडत नाहीत, पत्रा तापून वाकत नाही. मोठा अँगल ग्राइंडर या कामात नको, एका झटक्यात रेषेच्या पलीकडे जातो. डोळ्यांना गॉगल आणि हातात जाड मोजे हवेतच; कटिंग व्हील फुटतं तेव्हा तुकडे वेगाने उडतात.

प्रत्यक्ष कापताना क्रम काय असावा?

आतलं सगळं काढा. बोर्ड, सप्लाय, ड्राइव्ह, स्पीकर, सगळंच. "फक्त एक छोटं भोक आहे, बोर्ड झाकून ठेवतो" असं करू नका. लोखंडाचा कीस फडक्याखाली शिरतो, स्लॉटमध्ये बसतो आणि काही आठवड्यांनी कधीतरी दोन पिना जोडतो.

दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून त्यावर आखा. कोपऱ्यांत भोकं पाडा, म्हणजे काप कोपऱ्याच्या पुढे फाटत जात नाही. रेषेच्या आत एक मिलिमीटर सोडून कापा आणि उरलेलं कानशीने आणा. या कानशीच्या कामाला घाई करू नका, सरळ कड इथेच मिळते. पत्र्यामागे लाकडाचा ठोकळा शिकंजात धरला की पत्रा थरथरत नाही.

शेवटी प्रत्येक कडेची बोच काढा, आतून आणि बाहेरून. मग कॅबिनेट उलटं करून झटका, ओल्या फडक्याने पुसा, वाळवा, आणि दुमडलेल्या घड्यांमधून चुंबक फिरवा. कीस घड्यांमध्येच अडकतो. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याला वेल्डिंग करू नका. जस्ताचा धूर श्वासात गेला तर ताप येतो. रिव्हेट पुरेसे आहेत.

माझ्या मशिनची बॉडी प्लास्टिकची आहे. तीच पद्धत?

नाही. जुनं एबीएस प्लास्टिक फिरत्या चाकाखाली वितळतं आणि कापलेली फट मागून परत चिकटते. बारीक दातांची हातकरवत किंवा धारदार कटरने पुन्हा पुन्हा ओरखडे काढणं जास्त चांगलं. वयाने ते ठिसूळही झालेलं असतं, म्हणून कोपऱ्यातलं भोक गोलच ठेवा, चौकोनी कोपऱ्यातून तडा सुरू होतो.

आतल्या बाजूला राखाडी किंवा तांबूस रंगाचा लेप दिसला तर तो खरवडू नका. तो वीजवाहक लेप आहे, रेडिओ लहरी अडवण्यासाठी दिलेला. कार्डाचं ब्रॅकेट त्या लेपाला किंवा आतल्या धातूच्या चौकटीला टेकलं पाहिजे.

मदरबोर्डखाली स्टँडऑफ कुठे आणि किती?

जुन्या बोर्डांखाली बहुतेक प्लास्टिकचे सरकते आधार असतात आणि एक-दोन ठिकाणीच पितळी स्टँडऑफ. नवा बोर्ड घालताना प्रत्येक भोकाखाली पितळी स्टँडऑफ हवा. भोक नसलेल्या जागी पितळी स्टँडऑफ राहिला तर तो बोर्डच्या खालच्या रेषांना टेकून शॉर्ट करतो, म्हणून बोर्ड ठेवण्याआधी मोजून खात्री करा.

कार्ड दाबून बसवताना बोर्ड खाली वाकतो. स्लॉटच्या ओळीखाली भोक नसेल तिथे प्लास्टिकचा आधार तळाशी कापून नुसता उभा ठेवा. आणि एटीएक्सच्या मापाने बोर्डखाली निदान ६.४ मिमी अंतर लागतं. कॅबिनेट कमी उंचीचं आहे म्हणून स्टँडऑफ बारीक करायचा मोह होतो, पण तसं केलं की ब्रॅकेटचा कान आणि स्क्रूपट्टी यांची पातळीही तेवढीच बिघडते.

कमी उंचीच्या कॅबिनेटमध्ये कार्ड आडवं बसवता येईल का?

येतं, रायझर लावून, म्हणजे बोर्डवर उभी राहणारी आणि कार्डांना आडवे स्लॉट देणारी पाटी लावून. ही कल्पना जुनीच आहे: वेस्टर्न डिजिटलच्या एलपीएक्स मापाच्या बोर्डांत मधोमध एक उभा रायझर असायचा आणि कार्डं त्याच्यात आडवी जायची. एलपीएक्सची अडचण अशी, की रायझरच्या पिनांची मांडणी सगळ्या उत्पादकांनी सारखी ठेवली नाही. एका मशिनचा रायझर दुसऱ्याच्या खाचेत बसला तरी तो चालेलच असं नाही, उलट बोर्ड जळू शकतो. मूळ जोडी फोडू नका.

आयएसए बस सुमारे ८ मेगाहर्ट्झची, त्यामुळे साधा आयएसए रायझर सहसा त्रास देत नाही. पीसीआय ३३ मेगाहर्ट्झवर चालते आणि तिचे सिग्नल तारेच्या टोकावरून परतणाऱ्या लहरीवर अवलंबून असतात; तिथे लांब रिबन केबल म्हणजे अधूनमधून अडकणारं मशीन. शिवाय एका पीसीआय स्लॉटमधून दोन-तीन स्लॉट काढणाऱ्या रायझरला प्रत्येक कार्डासाठी वेगळी ओळखरेषा आणि वेगळी विनंतीरेषा लागते. त्या तुमच्या बोर्डने दिलेल्या नसतील तर पहिलंच कार्ड दिसेल. पीसीआय एक्सप्रेसची केबल त्यामानाने सोपी. केबल तिसऱ्या पिढीची आणि बोर्ड चौथ्या पिढीचा असेल तर बायोसमध्ये स्लॉटचा वेग तिसऱ्या पिढीवर आणा.

आडव्या कार्डाचंही ब्रॅकेट मागे आवळलं गेलं पाहिजे. म्हणून इथेही दुसऱ्या कॅबिनेटचा खिडक्यांचा तुकडाच घ्या, नव्वद अंशांत फिरवून बसवा. आणि रायझरला स्वतःचा आधार द्या, कार्डाचं वजन त्याच्यावर टांगू नका.

कमी उंचीची पीसीआय कार्डं ६४.४ मिमी उंचीची असतात आणि त्यांचं ब्रॅकेट ७९ मिमीचं. आत ९० मिमी मोकळे असतील तर रायझरऐवजी अशी कार्डं उभी बसवणं जास्त सुटसुटीत.

एटी कॅबिनेटमध्ये एटीएक्स बोर्ड बसवायचा आहे. कार्डांच्या खिडक्या जुळतील ना?

अंतर जुळतं, जागा मात्र तपासावी लागते. एटीमध्ये मागे बोर्डचं म्हणून फक्त कीबोर्डचं एक गोल भोक असायचं. बाकी सगळी पोर्ट कार्डांवर किंवा पट्ट्यांवर. १९९५ मध्ये आलेल्या एटीएक्सला पोर्टसाठी १५८.८ × ४४.५ मिमीची चौकट लागते. ती कापताना कीबोर्डच्या भोकाची जागा आणि कधी कधी खिडक्यांच्या शेवटच्या दांड्याही जातात. चौकट आणि खिडक्या दोन्ही एकाच तुकड्यातून आणा.

एक धोका आवर्जून सांगतो. एटी कॅबिनेटच्या समोरचं पॉवर बटण थेट मुख्य विजेचं असतं; त्याच्या चार जाड तारांतून घरातली वीज खेळते. एटीएक्सचं बटण म्हणजे बोर्डवरच्या दोन बारीक पिना. जुनं बटण दिसायला तेच ठेवायचं असेल तर आधी त्या तारा पूर्ण काढून टाका. हे बटण दाबलेलंच राहणारं असतं, म्हणून त्याची आतली अडकण काढून ते दाबून सोडता येईल असं करा, मगच बोर्डला जोडा.

जुना पॉवर सप्लाय जास्तीची कार्डं पेलेल का?

आकडे बघा. आयबीएम पीसीचा सप्लाय ६३.५ वॉटचा, एक्सटीचा १३० चा, एटीचा १९२ चा. एका पीसीआय कार्डाला नियमाने २५ वॉटपर्यंत, पीसीआय एक्सप्रेसच्या मोठ्या स्लॉटला ७५ वॉटपर्यंत मुभा आहे. ५१५० मध्ये हार्ड डिस्क आणि दोन-तीन भरलेली कार्डं म्हणजे सप्लायवर ताण आलाच.

एटीचे दोन कनेक्टर, पी८ आणि पी९, लावताना काळ्या तारा मध्यभागी शेजारी-शेजारी आल्या पाहिजेत. उलट लावले तर बोर्ड आणि सगळी कार्डं एकदम जातात. एटीएक्स सप्लाय अडॅप्टरने लावत असाल तर तो −५ व्होल्ट देतो का ते बघा. नंतरच्या एटीएक्स सप्लायमधून तो काढून टाकला गेला, आणि काही जुन्या साउंड कार्डांना तो लागतो. ॲमस्ट्रॅड पीसी१५१२ सारख्या मशिनमध्ये तर सप्लाय मॉनिटरमध्ये आहे, तिथे मॉनिटर वेगळा केला की हा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

सप्लायचा डबा मात्र उघडू नका. बंद केल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेहून जास्त व्होल्ट काही काळ राहू शकतात.

उष्णतेचं काय?

जुन्या कॅबिनेटमध्ये बहुधा एकच पंखा, तोही सप्लायमधला, हवा बाहेर टाकणारा. हवा समोरच्या फटींतून येते, कार्डांवरून जाते. रिकाम्या खिडक्या उघड्या ठेवल्या तर हवा तिथूनच आत येते आणि लगेच बाहेर जाते. समोरची कार्डं गरमच राहतात. म्हणून रिकाम्या खिडक्यांना पट्ट्या लावा. पंखा वाढवायचा असेल तर तो समोरच्या प्लास्टिकमागे लावा, झाकणात भोक पाडू नका.

रिकाम्या खिडक्यांना पट्टी लावण्याचं आणखी काही कारण?

रेडिओ लहरी. अमेरिकेच्या एफसीसी या दळणवळण नियामक संस्थेने १९७९ मध्ये संगणकांच्या रेडिओ गळतीवर मर्यादा घातल्या, आणि तेव्हाची कॅबिनेटं जाड पत्र्याची, दाट स्क्रूंची असण्यामागे हे एक मोठं कारण होतं. गळती ठरते ती भोकाच्या सर्वांत लांब बाजूवरून. ११० मिमी लांबीची अरुंद फट सव्वा ते दीड गिगाहर्ट्झच्या आसपास चक्क अँटेनाचं काम करते. मधल्या दांड्या कापून सात खिडक्यांची एक मोठी खिडकी केली तर ही लांबी वाढते, आणि पत्र्याची ताकदही जाते. दांड्या ठेवा.

स्क्रू आवळला की मशीन बंद पडतं, सैल केला की चालतं. काय चुकतंय?

स्क्रूपट्टीची पातळी. कार्ड स्क्रूशिवाय पूर्ण दाबून बसवा आणि कान पट्टीवर कसा बसतो ते बाजूने बघा. कान आणि पट्टीत फट दिसली, तर आवळताना कार्डाची मागची बाजू खाली ओढली जाते आणि पुढची बाजू स्लॉटमधून वर उचलते. तिथे फटीएवढा पातळ वॉशर घाला. कान आधीच टेकला आणि कार्ड पूर्ण आत गेलं नाही, तर पट्टी उंच आहे किंवा बोर्ड खाली आहे. सगळ्या स्टँडऑफखाली सारखे वॉशर घालून बोर्ड वर घ्या. एकाच स्टँडऑफखाली घातला तर बोर्डच पिळला जातो.

कान बरोबर बसतो पण जीभ पत्र्यावर अडते, असंही होतं. तेव्हा खालची फट कानशीने रुंद करा. पक्कडीने ब्रॅकेट वाकवणं हा शेवटचा उपाय, आणि तोही कार्ड बाहेर काढूनच.

एक्सटीचा आठवा स्लॉट, सप्लायला लागून असलेला, वेगळा आहे. तिथे कार्डाने स्वतःची निवड झाल्याचा एक जास्तीचा सिग्नल द्यावा लागतो; सगळी कार्डं तो देत नाहीत. बाकी सगळीकडे चालणारं कार्ड तिथे गप्प राहिलं तर कॅबिनेटला दोष देऊ नका.

कापलेल्या कडांना रंग द्यावा का?

द्यावा, गंज तिथूनच सुरू होतो. प्रायमर आणि एक हात रंग पुरतो. पण स्क्रूपट्टी, दांड्यांची आतली बाजू आणि जोडाच्या जागा टेपने झाकून उघड्या ठेवा, तिथे धातूला धातू टेकला पाहिजे. नंतर मल्टिमीटरने ब्रॅकेटपासून सप्लायच्या डब्यापर्यंत तपासा. रोध एक ओमच्या खाली यायला हवा.

सगळं जोडून पहिल्यांदा चालू करताना काय काळजी घ्यावी?

आधी एकही कार्ड न लावता, नंतर फक्त डिस्प्लेचं कार्ड लावून, मग एकेक वाढवत. दर वेळी कार्ड घालण्याआधी प्लग काढा. जुन्या आयएसए कार्डांवरचे थेंबाच्या आकाराचे टँटलम कपॅसिटर बरीच वर्षं पडून राहिल्यावर पहिल्याच विजेला शॉर्ट होऊन जळू शकतात, म्हणून कार्डाच्या ५ आणि १२ व्होल्टच्या पिना ग्राउंडशी शॉर्ट नाहीत ना, ते आधी मीटरने बघा. आणि चालू करताना चेहरा उघड्या कॅबिनेटवर आणू नका.

पीएस/२ किंवा जुन्या मॅकिंटॉशमध्ये हेच करता येईल?

आयबीएमच्या १९८७ च्या पीएस/२ मधल्या मायक्रो चॅनेल कार्डांचं माप आणि ब्रॅकेट दोन्ही वेगळं आहे. मॅकिंटॉश टूच्या नूबसचंही तसंच. तिथे एटीएक्सचा तुकडा उपयोगी नाही, त्याच जातीच्या मोडक्या मशिनचा मागचा भाग शोधावा लागेल. पीएस/२ मॉडेल ३० हा अपवाद: त्यात साधे ८-बिट आयएसए स्लॉट आहेत, रायझरवर आडवे, तिथे वर रायझरबद्दल लिहिलेलं लागू पडतं. मॉनिटर अंगातच असलेल्या मॅकिंटॉशमध्ये मात्र पत्रा कापायला जाऊ नका. पिक्चर ट्यूबवर कित्येक हजार व्होल्टचा भार राहू शकतो आणि ट्यूबची मान हाताच्या एका धक्क्याने तुटते.